ज्येष्ठांचा तोल कसा तपासावा? खुर्ची, तीन मीटर जागा आणि घड्याळ

टाचणी

ज्येष्ठ नागरिक संघांच्या आरोग्य शिबिरात साखर, रक्तदाब, डोळे हमखास तपासतात. तोल क्वचितच. खरं तर त्याला फार काही लागत नाही: हातांची एक खुर्ची, बिनहातांची एक, मोजपट्टी, जमिनीवर लावायला रंगीत चिकटपट्टी आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. तपासणी कशी करायची, कुठे चुकते आणि निकाल हाती आल्यावर पुढे काय करायचं, यासाठी हा धागा.

आधी तीन प्रश्न. वर्षभरात पडलात का? उभं राहताना-चालताना डळमळल्यासारखं वाटतं का? पडायची भीती वाटते का? एकाचंही उत्तर 'हो' आलं तर पुढच्या चाचण्या करायच्याच. पहिला प्रश्न विचारताना काळजी घ्यावी. नुसतं 'पडलात का' विचारलं की 'छे हो, जरा पाय घसरला होता एवढंच' असं उत्तर येतं आणि कागदावर 'नाही' लिहिलं जातं. म्हणून 'लागलं नसेल तरी चालेल, पण घसरून, अडखळून किंवा तोल जाऊन खाली आलात का' असं विचारावं. काय करताना, दिवसाच्या कोणत्या वेळी, आपलं आपण उठता आलं का आणि क्षणभर शुद्ध हरपली होती का, हेही लिहून घ्यावं.

पहिली चाचणी 'टाइम्ड अप अँड गो'. खुर्ची हातांची, बैठक जमिनीपासून साधारण ४६ सेंमी, पाठ भिंतीला लावलेली. खुर्चीपासून ३ मीटरवर जमिनीवर पट्टी. पायात रोजची पादत्राणं, हातात रोजची काठी किंवा वॉकर. सांगायचं इतकंच: "मी 'चला' म्हटलं की उठा, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जा, वळा, परत येऊन बसा." 'चला' म्हणताच घड्याळ सुरू, पुन्हा बसले की बंद. एक फेरी सरावाची, दुसरी मोजायची. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे असं धरावं.

दुसरी, ३० सेकंदांत किती उठबशा होतात ते पाहणं. बिनहातांची खुर्ची, बैठक ४३ सेंमी, पाठ भिंतीला. बैठकीच्या मध्यावर बसून पावलं सपाट टेकवायची, हात छातीवर फुली करून विरुद्ध खांद्यांवर. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं. वेळ संपताना अर्ध्याहून जास्त उठलेले असतील तर ती उठबस धरायची. हाताचा आधार घ्यावाच लागला तर गुण शून्य. पुरुषांत ६५ ते ७४ वयाला १२ पेक्षा कमी, ७५ ते ७९ला ११ पेक्षा कमी, ८० ते ८४ला १० पेक्षा कमी म्हणजे सरासरीखाली. बायकांमध्ये हेच आकडे ६५ ते ६९ला ११, ७० ते ७९ला १०, ८० ते ८४ला ९.

तिसरी, उभं राहण्याच्या चार अवस्था, प्रत्येकी १० सेकंद, डोळे उघडे, काठीशिवाय. पावलं शेजारी-शेजारी जुळवून; मग एका पावलाची आतली कड दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून; मग टाचेपुढे बोटं, एका रेषेत; शेवटी एका पायावर. हात पसरले तरी चालतील, पावलं हलता कामा नयेत. एक जमली तरच पुढची. तिसरी अवस्था १० सेकंद टिकली नाही तर पडण्याचा धोका वाढलेला आहे.

तपासणाऱ्याने बाजूला, किंचित मागे उभं राहावं. एक हात कमरेच्या पट्ट्याजवळ, न धरता पण तयार. समोर उभं राहून टाळ्या वाजवत 'या, या' करू नये. समोरून तोल सावरता येत नाही.

पायरी

उत्तम धागा. एक शंका. शिबिरात मिळते ती प्लास्टिकची खुर्ची चालेल का? आणि घरी सोफ्यावर घेतली तर?

टाचणी

दोन्ही टाळा. प्लास्टिकची खुर्ची हातांवर जोर दिला की वाकते, गुळगुळीत फरशीवर मागे सरकते आणि चाचणीतच माणूस पडतो. सोफा खोल आणि मऊ असतो, त्यातून उठायला धडधाकट माणसालाही वेळ लागतो, त्यामुळे सेकंद फुकट वाढतात. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची सर्वांत बरी. बैठकीची उंची मोजून कागदावर लिहून ठेवा. सहा महिन्यांनी दुसऱ्या उंचीची खुर्ची घेतली तर 'सुधारणा' की 'खुर्चीची कृपा' हे कळणार नाही.

रानवारा

फिजिओथेरपीच्या बाजूने काही भर.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे 'जरा पटापट' असं म्हणणं. माणूस ईर्ष्येने धावल्यासारखा जातो, ९ सेकंदांत परत येतो आणि घरातली खरी चाल दिसतच नाही. दुसरी चूक, चालणाऱ्याशी गप्पा मारणं. बोलायला सुरुवात झाली की पाय थांबणं ही स्वतंत्र माहिती आहे, ती वेगळी घ्यावी: एकदा गप्प राहून फेरी, एकदा १०० मधून ३-३ वजा करत फेरी. आकडेमोड नको असेल तर मराठी महिने उलटे, फाल्गुनपासून चैत्राकडे. दुसऱ्या फेरीला पाय थबकले किंवा वेळ बराच वाढला, तर चालणं आपोआप होत नाहीये, त्यासाठी मेंदूला लक्ष खर्चावं लागतंय असा अर्थ. अशी माणसं फोन वाजला की किंवा कोणी मागून हाक मारली की पडतात.

आणि सेकंद लिहून मोकळं होऊ नका. वेळ कुठे गेला ते बघा. उठतानाच दोन-तीनदा झोका द्यावा लागला, तर मांड्या आणि नितंबांचे स्नायू अशक्त. उठले, पण पहिलं पाऊल टाकण्याआधी थबकले, तर डोळ्यांपुढे अंधारी येते का विचारा. चालताना एक हात झुलत नाही, पावलं छोटी, वळताना पाच-सात पावलं घेऊन सगळं अंग एकदम फिरवतात, तर पार्किन्सनची शंका घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा. पाय फाकवून चालतात आणि नजर सतत जमिनीवर, तर तळव्यांची संवेदना तपासा. बसताना खुर्चीत धपकन पडणं हेही मांड्यांच्या अशक्तपणाचंच लक्षण. दोन आज्यांना १४-१४ सेकंद लागले तरी एकीला उठबशा हव्या असतात आणि दुसरीला औषधांची फेरतपासणी.

भीमथडी

१२ सेकंद कुठून आले? बऱ्याच ठिकाणी १३.५ वाचलंय, कुठे १५ही.

रानवारा

तिन्ही खरे आहेत. १२ हा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या पडझड-प्रतिबंधक संचातला आकडा. १३.५ हा २०००च्या एका अभ्यासातून आला. १५ पेक्षा जास्त हा २०२२च्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांतला. ती तत्त्वं चालण्याचा वेग पाहायला सांगतात, सेकंदाला ०.८ मीटर किंवा त्याहून कमी असेल तर धोका. वेग मोजणं जमत नसेल तर 'टाइम्ड अप अँड गो'. वेग मोजायला ४ मीटरची पट्टी पुरते. आधी-नंतर एकेक मीटर मोकळा ठेवायचा, म्हणजे सुरुवातीचं गती घेणं आणि शेवटचं थांबणं त्यात येत नाही. ४ मीटरला ५ सेकंद किंवा जास्त म्हणजे वेग कमी.

मात्र एक स्पष्ट सांगायला हवं. घरात हिंडत्या-फिरत्या ज्येष्ठांत पुढे कोण पडेल हे एकट्या या चाचणीवरून नीटसं सांगता येत नाही. चाचणी पास झालेलेही पडतात, कारण पडण्यात ओली फरशी, झोपेची गोळी आणि घाई यांचाही वाटा असतो. त्यामुळे '१० सेकंद आले, आजोबा सुटले' असा दाखला देऊ नये. वर्षात दोनदा पडलेल्याचं घड्याळ काहीही म्हणो, त्याची सविस्तर तपासणी व्हायलाच हवी.

निशिगंध

वैद्यकीय बाजू. तोलाच्या तपासणीत रक्तदाब उभ्यानेही घ्यायचा असतो, तो शिबिरात जवळजवळ नेहमी राहून जातो. पद्धत: ५ मिनिटं आडवं झोपवून मोजा. उभं करा. १ मिनिटाने मोजा, ३ मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला किंवा खालचा १० किंवा जास्त, तर उभं राहताना दाब पडतोय. बसवून मग उभं केलं तर हा फरक बऱ्याचदा हुकतो, म्हणून झोपवणं महत्त्वाचं. मोजताना दंड हृदयाच्या पातळीवर आधाराने धरा, खाली लोंबता ठेवू नका. उभं राहवत नसेल तर लगेच बसवा आणि तेच लिहा.

दाब उतरत असेल तर औषधांची पिशवी मागवा. यादी नको, पिशवी; यादीत दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या नसतात. त्यात शोधायचं ते असं: झोपेच्या आणि 'टेन्शन'च्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीचं टॅमसुलोसिन, रक्तदाबाची दोन-तीन औषधं एकदम, नैराश्यावरची औषधं, सर्दी-खाजेवरच्या गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्या. इथे कळकळीने सांगतो, यातलं काहीही आपल्या मनाने बंद करू नका. वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी एकदम सोडली तर फिट येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते.

चक्करेबद्दलही नेमकं विचारा. 'चक्कर' या एका शब्दात आपल्याकडे चार गोष्टी येतात. उठल्यावर अंधारी येते, तर रक्तदाब. अंथरुणात कूस बदलताना किंवा फळीवरचा डबा काढायला मान वर केल्यावर खोली गरगर फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, तर कानाच्या आतल्या कणांचा दोष. तो तपासायला डिक्स-हॉलपाइक आणि बरा करायला एप्ली ही हालचाल आहे, जाणकार व्यक्ती टेबलावर करून देते. याला 'मानेचा स्पाँडिलायटिस' म्हणून महिनोन्‌महिने पट्टा घालून बसवणं हे फार मोठं नुकसान आहे. तिसरा प्रकार, डोकं ठीक पण पाय लटपटतात. चौथा, शुद्ध हरपते. चौथ्यात तोलाच्या चाचण्या करत बसू नका, आधी ईसीजी आणि डॉक्टर.

तातडीचं आणखी: रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्यावर पडणं, जखम दिसो न दिसो, बोलणं किंवा तोंड वाकडं होणं, पडल्यावर पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसणं. यात खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं, उभं करून 'चालून बघा' म्हणू नये. तातडीचं नसलं तरी न सोडायचं: पावलं जमिनीला चिकटल्यासारखी चाल, त्यासोबत लघवीवर ताबा जाणं आणि विसरभोळेपणा, तसंच पाय ताठर होऊन सदऱ्याची बटणं लावणंही अवघड होणं.

पायरी

तळव्यांची संवेदना घरी कशी कळेल?

रानवारा

पक्कं घरी नाही, पण खूण सापडते. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो का, हे विचारा. पायांकडून मेंदूला खबर नीट येत नसेल तर डोळे ती उणीव भरून काढत असतात. डोळे मिटले की तो आधार जातो. रॉम्बर्ग चाचणी हेच तपासते: पावलं जुळवून आधी डोळे उघडे, मग ३० सेकंद मिटून. डोळे उघडे असताना स्थिर आणि मिटल्यावर कोलमडणं, तर पायांची संवेदना किंवा आतला कान यांकडे बघायचं. डोळे उघडे असतानाही उभं राहवत नाही, तर मामला वेगळा, चाचणी तिथेच थांबवा. ही करताना दोन्ही हात खांद्यांशी तयार ठेवा, कारण मिटल्यावर माणूस एकाएकी जातो. देवासमोर डोळे मिटून उभं राहताना किंवा आरतीनंतर स्वतःभोवती फिरताना तोल जाणं याच जातीचं. अशा वेळी एक हात भिंतीला किंवा खुर्चीला असू द्यावा.

दवाखान्यात १२८ हर्ट्झचा कंपनकाटा पायाच्या अंगठ्यावर आणि १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्यावर लावून तपासतात. कंपन कळत नसेल तर साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व बघा. शुद्ध शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत बी-१२ कमी सापडतं आणि ते भरून काढता येतं. म्हणून हा भाग सोडू नये.

चाफा

तोलाला गुण देणाऱ्या बर्ग स्केल या चाचणीचा उल्लेख आला नाही. १४ कामं, प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण ५६. ४५ च्या खाली गेलं की धोका मानतात. त्यात जमिनीवरची चप्पल उचलणं, उभ्याने हात पुढे ताणणं, एका जागी पूर्ण गिरकी घेणं असतं. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ४ सेकंदांत गिरकी पूर्ण झाली तर पूर्ण गुण. १५-२० मिनिटं लागतात, त्यामुळे शिबिराला जड. लकवा झालेल्यांच्या पुनर्वसनात मात्र फार उपयोगी, कारण नेमकं कोणतं काम अडतंय ते दिसतं. उणीव दोन: चालणं त्यात नाहीच, आणि बऱ्यापैकी धडधाकट ज्येष्ठाला ५४-५५ गुण सहज मिळतात.

आणखी एक. जमिनीवरून उठता येतं का, हे वरच्या कुठल्याच चाचणीत नाही. आपल्याकडे ते विचारायलाच हवं. पडून हाड मोडलं नाही, पण उठता आलं नाही म्हणून तासन्‌तास फरशीवर पडून राहिल्याने अंगावर जखमा होतात, शरीरातलं पाणी कमी होतं. उठण्याची पद्धत शिकवा: आधी पडल्या जागी निपचित राहून कुठे दुखतंय ते बघायचं. मग कुशीवर. कोपरावर. हात-गुडघ्यांवर. रांगत पलंग किंवा भक्कम खुर्चीपर्यंत. दोन्ही हात बैठकीवर, बळकट पायाचं पाऊल पुढे टेकवून उठायचं आणि वळून बसायचं. जिना उतरावा तसं टप्प्याटप्प्याने. शिकवताना सतरंजीवर आणि दोन माणसं शेजारी.

भीमथडी

घरात काय बदलावं? न्हाणीघरात हँडल बसवलंय, रबरी चकतीने चिकटणारं. पुरेल ना?

चाफा

नाही. आजच काढा. ओल्या टाइलवर निर्वात सुटतो आणि नेमका भार पडतो तेव्हाच ते हातात येतं. दांडा भिंतीत अँकर फास्टनरने बसवलेला हवा, टाइलच्या मागे भरीव वीट किंवा काँक्रीट असलेल्या जागी. जाडी मुठीत येईल अशी, ३२ ते ३८ मिमी, आणि भिंतीपासून साधारण ४ सेंमी अंतर. जास्त ठेवलं तर घसरलेला हात मध्ये अडकून मोडतो. जागा मिस्त्रीला ठरवू देऊ नका. त्या व्यक्तीला कमोडवर बसवून उठायला लावा, हात आपोआप जिथे जातो तिथे पेन्सिलची खूण करा. टॉवेल लावायचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे, माणूस मात्र घसरताना त्यालाच धरतो.

न्हाणीघराच्या दाराशी बहुतेक घरांत दोन-तीन इंचांची पायरी किंवा उंबरा असतो, फरशीच्याच रंगाचा. त्याच्या कडेला पिवळी पट्टी लावा. दारातलं सुटं पायपुसणं काढा, खालून रबर असलेलं वापरा. आंघोळ उभ्याने नको, रबरी बुडाच्या स्टुलावर बसून. कपडे धुतल्यावर साबणाचं पाणी वायपरने लगेच काढा. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्री दिवा, शक्यतो हालचालीने लागणारा. आणि ती अंगठ्याची झिजलेली रबरी चप्पल! ती पायात टिकवायला बोटं आवळून चालावं लागतं, पाऊल उचललं जात नाही. मागून पट्टा असलेली, पातळ पण कडक तळाची घ्यावी. घरात नुसते मोजे घालून गुळगुळीत फरशीवर चालू नये. घोळदार गाऊन आणि धोतराचा सोगा घोट्याच्या वर असावा. दूरचं-जवळचं एकाच काचेत असलेला चष्मा लावून जिना उतरताना खालच्या काचेतून पायरी पुसट दिसते, जिन्यासाठी दूरचाच वेगळा ठेवा.

पायरी

व्यायामात रोज अर्धा तास चालणं पुरेल का?

रानवारा

तोलासाठी एवढं पुरत नाही. ज्यांचा तोल आधीच कच्चा आहे त्यांना 'भरभर चाला' एवढाच सल्ला दिला तर पडण्याची संधी वाढते. तोलाला थोडं अवघड काम द्यावं लागतं. स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हात लावून: टाचा उचलणं १० वेळा, चवडे उचलणं १० वेळा, बाजूला पाय नेणं १० वेळा, टाचेपुढे बोटं ठेवून १० सेकंद उभं राहणं, खुर्चीतून ५ ते १० उठबशा. महिन्याभरात एक हात सोडा, मग दोन बोटांचा आधार, मग बिनआधार. न्यूझीलंडचा ओटागो कार्यक्रम याच धर्तीचा आहे: आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास, घोट्याला वाढतं वजन आणि वेगळ्या दिवशी चालणं. एकूण व्यायाम आठवड्याला ३ तासांच्या आसपास गेला की फरक चांगला दिसतो. ओट्यासमोर करताना गॅस बंद आणि मागे खुर्ची.

भीमथडी

रबरी चकतीवालं काढलं. आता शिबिराचं: ६० जण असतील तर बसवायचं कसं?

टाचणी

चार जागा करा. पहिल्या टेबलावर तीन प्रश्न आणि औषधांची पिशवी. दुसरीकडे दोन पलंग, झोपून-उभ्याने रक्तदाब. इथेच तुंबतं, म्हणून दोन पलंग आणि दोन यंत्रं ठेवा. तिसरीकडे खुर्ची आणि ३ मीटरची पट्टी, चौथीकडे उठबशा आणि चार अवस्था. एका माणसाला सगळं मिळून पंचवीसेक मिनिटं धरा, म्हणजे ६० जण एका सकाळी होत नाहीत, दोन दिवस ठेवा. जेवण झाल्या झाल्या उभं करू नका, तेव्हा दाब आणखी उतरतो. छातीत दुखतंय, ताप आहे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्या उठबशा घेऊ नका. कागदावर सेकंदांच्या शेजारी 'काय दिसलं' असा रुंद रकाना ठेवा आणि त्याच्या शेजारी 'कोणाकडे पाठवलं'. तो शेवटचा रकाना रिकामा असेल तर त्या माणसाला घरी जाऊ देऊ नका.

चाफा

आणि काठीची उंची त्याच वेळी बघून द्या, दोन मिनिटांचं काम आहे. पायात नेहमीची चप्पल, हात सैल सोडलेला. मूठ मनगटाच्या घडीला यावी, धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. टोकाचं रबरी बूड उलटं करून बघा, खाचा झिजून गुळगुळीत झालं असेल तर तिथल्या तिथे बदला.